साहेब, ‘वैयक्तिक’चा शिक्का जरा जपून उचला

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जन माहिती अधिकारी,
ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत.

विषय : ‘माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ या उत्तराबाबत.

महोदय / महोदया,

मी महसूल खात्यातला निवृत्त अव्वल कारकून. आवक-जावकला नोकरी सुरू झाली, पुढे संजय गांधी निराधार, पुरवठा, आस्थापना अशी संकलनं (म्हणजे टेबलं) फिरत शेवटची वर्षं अभिलेख कक्षात गेली. १२ ऑक्टोबर २००५ ला माहितीचा अधिकार लागू झाला. त्यानंतर आमच्याकडे पहिला अर्ज आला तेव्हा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला तो कागद अख्ख्या कार्यालयाने हातात घेऊन पाहिला होता. आता घरी बसून आसपासच्या गावांतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. जोडपत्र ‘अ’ भरायचं, दीडशे शब्दांत विषय बसवायचा, पोच घेतल्याशिवाय परतू नका म्हणून बजावायचं. पैसे घेत नाही, चहा घेतो. खालच्या टेबलावर बसून वरच्यांची बोलणी खाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्यामुळे हे पत्र तुमच्यावर तोंडसुख घेण्यासाठी नाही, एवढं आधी मान्य करा म्हणजे पुढचं वाचवेल.

गेल्या काही महिन्यांत लोक माझ्याकडे जी उत्तरं घेऊन येतात, त्यांचा नूर पालटला आहे. पूर्वी नकाराचे नाना प्रकार असत. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची आहे’, ‘शोध घेतला असता संचिका आढळून आली नाही’, आणि सगळ्यांत आटोपशीर म्हणजे ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही. प्रत्येकाला निदान थोडं डोकं चालवावं लागे. आता ते कष्टही वाचले आहेत. ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ कार्यालयात आपण ज्याला ‘आठ एक जे’ म्हणतो, तेच हे कलम.

नुकतंच एका शेतकऱ्याने आणलेलं पत्र माझ्यासमोर आहे. मजकूर आधीच छापून ठेवलेला, नाव आणि तारखेची जागा तेवढी निळ्या बॉलपेनाने भरलेली. अपील कुणाकडे करायचं, किती दिवसांत, यातलं काहीही नाही. कलम ७(८) नुसार नकाराचं कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील, तिन्ही लिहावंच लागतं. असो. या माणसाने मागितलं काय होतं? त्याच्या गावातल्या अतिवृष्टी अनुदानाची यादी : गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक अशा तिघांनी मिळून पंचनामा केला, याच्या बांधाला लागून असलेल्या दोघांना पैसे आले, हा राहिला. का राहिला ते यादी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं?

गंमत पुढेच आहे. ती यादी व्हीके नंबरासकट (अनुदानासाठी प्रत्येकाला दिलेला विशिष्ट क्रमांक) सेतू केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेली होती. लोक केवायसी करायला रांगेत उभे राहून ती वाचत होते, मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकत होते. भिंतीवर होती तोवर ती सरकारी यादी होती. ती फाटून गेली, माणसाने सही-शिक्क्याची प्रत मागितली, आणि तीच यादी एकाएकी वैयक्तिक झाली. प्रथम अपील केलं आहे, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. बघू.

आता कायद्यात नेमकं काय झालं ते पाहू, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत ते ‘आता नावं द्यायची नाहीत’ एवढ्याच रूपात पोचलं आहे. जुनं आठ एक जे नीट वाचलंत तर त्यात वैयक्तिक माहिती नाकारायला अट होती. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात अकारण घुसखोरी होत असली पाहिजे. तरीही व्यापक जनहित मोठं वाटलं तर ती देण्याची मुभा तुम्हाला होती. आणि खाली एक परंतुक होतं : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराला जे मिळतं ते आमदाराला मत देणाऱ्यालाही मिळेल, इतकं सरळ. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली ऑगस्टमध्ये झाला, त्याच्या कलम ४४(३) ने ही अट, मुभा आणि परंतुक सगळं काढून टाकलं. उरलं ते फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’.

हा बदल लागू झाला १४ नोव्हेंबर २०२५ पासून. आणि इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. याच कायद्यातली जी कलमं नागरिकाच्या डेटाचं खरंखुरं रक्षण करणार, कंपन्यांना आणि संस्थांना जबाबदार धरणार, दंड लावणार, ती लागू व्हायला अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची सवड आहे. तुमचा-माझा मोबाइल नंबर विकणाऱ्याला सवड. माहिती नाकारायची सोय मात्र त्याच दिवशी. ज्याने कुणी हा क्रम ठरवला, त्याला कशाची घाई होती ते यातून दिसतंच.

तुमच्यापैकी काही जणांशी बोललो. भीती आहे ती या नव्या कायद्यातल्या अडीचशे कोटींच्या दंडाची. ‘काका, एक यादी दिली आणि उद्या कुणी तक्रार केली तर?’ असं एका तरुण ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मला विचारलं. त्याचा पगार डोळ्यांसमोर आणून मला हसू आलं, पण त्याला हसलो नाही. भीती खरी आहे, कारण वरून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. तर ऐका. एक म्हणजे तो दंड डेटा बाळगणाऱ्या संस्थेला आहे, जावक रजिस्टर सांभाळणाऱ्याला नाही, आणि ती कलमं अजून लागू व्हायची आहेत. दुसरं, त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की जी वैयक्तिक माहिती एखाद्या कायद्याखालच्या बंधनामुळे जाहीर करावी लागते, तिला हा कायदा लागूच होत नाही. तिसरं, माहिती अधिकार कायद्याचं कलम २१ : सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा, खटला चालत नाही. याउलट विनाकारण माहिती अडवली तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, २५ हजारांपर्यंत, आणि ते तुमच्या खिशातून. घाबरायचंच असेल तर निदान योग्य कलमाला घाबरा.

आता ‘कायद्याखालचं बंधन’ म्हणजे काय? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४. त्यातले सतरा मुद्दे तुमच्या कार्यालयाच्या दर्शनी भागात लावलेले असतील, बहुधा काही वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांच्या नावांसकट. त्यात अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आहे. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, कुणाला किती दिलं, लाभार्थी कोण, हे आहे. सवलती, परवाने कुणाला मिळाले, हेही आहे. ही सगळी नावं आहेत आणि ती अर्जाची वाट न पाहता तुम्ही स्वतःहून जाहीर करायची आहेत. नवा कायदा आला तरी कलम ४ ची एक मात्राही हललेली नाही. घरकुलाची यादी, ठिबकच्या अनुदानाची यादी, गाळे कुणाला भाड्याने दिले त्याची यादी : यांतलं काहीही मागितलं गेलं तर आठ एक जे पर्यंत जायचं कारणच काय?

मी निराधार योजनेचं संकलन सांभाळलं आहे. त्या नस्तीत, म्हणजे फायलीत, काय काय असतं ते मला माहीत आहे. दुर्धर आजाराचे दाखले असतात, घटस्फोटाचे कागद असतात, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा जबाब असतो. हे कागद कुणी मागायला आलं तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण लाभार्थ्याचं नाव, गाव आणि मंजूर रक्कम हे सरकारी तिजोरीतून पैसा कुठे गेला त्याचं उत्तर आहे. एकाच नस्तीत दोन्ही असेल तर काय करायचं, तेही कायद्यानेच सांगून ठेवलंय. कलम १० : जे देता येत नाही ते वगळा, उरलेलं द्या. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल नंबर यांवर काळा मार्कर फिरवायला किती वेळ लागतो? अख्खी नस्ती कपाटात बंद करायला लागतो त्याहून जास्त लागतो हे खरं.

नावांवर मी इतका अडून बसलोय त्याला कारण आहे. माहिती अधिकाराचा कायदा मुळात नावांतूनच जन्मला. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी त्यात होती. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधी न गेलेल्यांची नावं हजेरीपटात निघाली, आणि ते लोक तिथेच समोर बसलेले होते. कागदावरची मजुरी कुणाच्या खिशात गेली हे गावाला त्या नावांमुळे कळलं. नुसती ‘एकूण मजूर, एकूण रक्कम’ अशी गोषवारा-यादी वाचली असती तर कुणाला काय कळलं असतं? पुढे १९९६ मध्ये ब्यावरला धरणं झालं, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा घुमली, गोव्याने १९९७ सालीच आपला कायदा केला. आपल्याकडे २००० साली एक लुळा-पांगळा कायदा आला, तो बदलायला अण्णा हजारेंना आझाद मैदानात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे २००३ मध्ये चांगला राज्य कायदा अमलात आला. केंद्राच्या कायद्याने त्यातून बरंच उचललं. आजच्या आठ एक जे चं तुम्ही करता तसं वाचन त्या दिवशी कोट किराण्यात कुणी केलं असतं तर हजेरीपटही वैयक्तिक ठरला असता.

तुमची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी बोलतात. माहिती अधिकाराच्या नावावर दुकान मांडून बसलेले लोक आहेत. एकाच माणसाचे ढीगभर अर्ज, प्रत्येकात ‘सन २०१० पासून आजतागायत’, मग संध्याकाळी फोन, ‘साहेब, भेटू या का?’ मी पाहिले आहेत, त्यांच्यापायी चांगल्या माणसांची झोप उडालेलीही पाहिली आहे. पण त्या माणसाचं भांडवल काय असतं? फक्त त्याच्याकडे असलेला कागद. तो कागद संकेतस्थळावर टाकलात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलात, तर संध्याकाळचा फोन कशाच्या जोरावर करणार तो? तुम्ही कपाट जितकं घट्ट लावाल तितका त्याचा भाव वाढतो. कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि देयक, या चार गोष्टी काम संपताच जाहीर झाल्या तर बांधकाम उपविभागातले निम्मे अर्ज आपोआप थांबतील असा माझा अंदाज आहे.

खासगीपणाची एवढी काळजी असेल तर ती अर्जदाराचीही वाहा. सकाळी आवकला अर्ज पडतो आणि दुपारच्या चहाला ठेकेदाराचा माणूस अर्जदाराच्या दारात उभा असतो. त्याला नाव-पत्ता कुणी दिला? तेव्हा कुठलं कलम आडवं येत नाही. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींना १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना मारलं. जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारा माणूस होता तो. महाराष्ट्रात अशी आणखीही नावं आहेत. त्यामुळे अर्ज लिहून देताना मी आता बायाबापड्यांना आधी विचारतो, घरी कोण कोण असतं?

‘नाकारलं तर अपील आहेच की’, असं तुम्ही म्हणाल. आहे. प्रथम अपिलीय अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी तुमच्याच व्हरांड्यातले साहेब. त्यांच्या सुनावणीची नोटीस सुनावणी होऊन गेल्यावर पोस्टाने येते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की लोक आता त्यावर चिडतही नाहीत. त्यानंतर राज्य माहिती आयोग. सतर्क नागरिक संगठन या माहिती आयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालानुसार जून २०२३ अखेर आपल्या आयोगाकडे १ लाख १५ हजारांवर अपिलं आणि तक्रारी पडून होत्या, देशात सगळ्यांत जास्त. आयुक्तांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मग प्रकरणं तुंबली म्हणून हळहळायचं, हा खेळ सरकारं मनापासून खेळतात. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि पगारही केंद्राच्या हातात गेले, तो वेगळ्या पत्राचा विषय. मुद्दा असा की ज्याला या वर्षीच्या अनुदानाचं उत्तर हवंय, त्याला दुसऱ्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत अजून दोन खरीप निघून जातील. तुमची सही कागदोपत्री पहिल्या पायरीवरची असेल, त्या शेतकऱ्याच्या लेखी तीच शेवटची आहे. म्हणून हे पत्र आयुक्तांना किंवा मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

तुमच्या हातात अजून काय उरलंय? कलम ८(२). आठ एक जे बदललं, हे कलम जागेवर आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. बदलावर टीका झाली तेव्हा सरकारनेही हेच सांगितलं. फरक एवढाच की जुन्या कलमात जनहिताचा कौल तुम्ही स्वतः देत होता, ८(२) मध्ये शब्द आहे ‘सार्वजनिक प्राधिकरण’. म्हणजे कागद वर चढवावा लागणार. आणि कागद वर चढवणं हेच तर आपल्याला आयुष्यभर येत आलंय. टिपणी नसली की साहेब सही करत नाहीत, टिपणी समोर आली की न करण्यासाठी त्यांना कारण लिहावं लागतं. म्हणून मसुदाच देतो, उचलून वापरा :

‘अर्जदाराने मागणी केलेली यादी शासकीय अनुदान वाटपाची असून ती कलम ४(१)(ख) अन्वये स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. यादीतील आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक कलम १० नुसार वगळून उर्वरित माहिती पुरविणे सार्वजनिक हिताचे आहे. कलम ८(२) अन्वये माहिती देण्यास मान्यता असावी. मान्यतेस्तव सादर.’

चार ओळी आहेत. नाकारण्याच्या छापील पत्रापेक्षा फार मोठ्या नाहीत.

आणखी एक. पुणे महापालिकेने बऱ्याच वर्षांपूर्वी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नस्त्या नागरिकांना बघायला खुल्या ठेवायला सुरुवात केली. अर्ज नाही, स्टॅम्प नाही, तीस दिवस नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने तोच धडा जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना परिपत्रकाने घालून दिला. ते परिपत्रक तुमच्या स्थायी आदेश संचिकेत आहे का, बघा. नसेल तर मिळवा. सोमवारी लोकांना नस्ती दाखवायची म्हणजे ती आधी सापडायला हवी, म्हणजे कागदांची वर्गवारी करून सहा गठ्ठे लावलेले हवेत. नगरचे जिल्हाधिकारी असताना लखीना साहेबांनी ऐंशीच्या दशकात लावलेली ती शिस्त माझ्या पिढीने कंटाळत का होईना पाळली, आणि अभिलेख कक्षात असताना मला कुठलाही ‘ब’ वर्गाचा, म्हणजे बरीच वर्षं जपून ठेवायचा, कागद काढायला दिवस लागला नाही. ‘संचिका आढळून येत नाही’ हे उत्तर देण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ मधलं शिक्षेचं कलमही वाचून घ्या. अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे त्यात.

या पत्राला तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. ज्या शेतकऱ्याचं पत्र वर सांगितलं त्याच्यासारखे अर्ज तुमच्या टेबलावरही पडून असतील, ते तेवढे निकाली काढा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून

प्रत : सर्व प्रथम अपिलीय अधिकारी यांना माहितीसाठी सविनय सादर. वरील टिपणी आपल्याकडे आल्यास ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत पाठवू नये, ही विनंती.